बंदराजवळचं झोन-गोदाम : ड्यूटी कुठे लांबते, कुठे वाचते

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीत आमचा आयात बेअरिंग-सीलचा व्यापार आहे. कंटेनर न्हावा शेव्याला उतरतो, माल सहा महिने खपत राहतो. त्यातला पाव हिस्सा आम्ही आफ्रिकेला पाठवतो. माल फ्री ट्रेड झोनमध्ये ठेवला तर ड्यूटी वाचते म्हणतात. खरं आहे का?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : इथे विकलेल्या मालावरची ड्यूटी लांबणीवर पडते, वाचते ती परदेशी जाणाऱ्या मालावरची. २००५ च्या सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) कायद्यानुसार फ्री ट्रेड वेअरहाउसिंग झोन सीमाशुल्कापुरता देशाबाहेरचा मानतात. न्हावा शेव्याच्या मालासाठी पनवेलला असा झोन आहे.

हिशेब मांडून बघा. समजा मालाची किंमत ४० लाख, मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के. म्हणजे ३ लाख, त्यावर १० टक्के अधिभार ३० हजार. ४३ लाख ३० हजारांवर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) ७,७९,४००. एकूण ११,०९,४०० रुपये कंटेनर सोडवतानाच भरायचे. झोनमधून चार सारख्या हप्त्यांत, पहिला लगेच आणि पुढचे दर दोन महिन्यांनी उचलले, तर दर वेळी २,७७,३५०. बँकेचं व्याज १२ टक्के धरलं तर बचत होते जेमतेम ३३ हजार, आणि आयजीएसटीची वजावट तुम्हाला मिळतच असल्याने खरं तर त्याहूनही कमी. गोदामभाडं आणि हाताळणीत ती सहज जाईल. आफ्रिकेच्या पाव हिश्श्यावरचे सीमाशुल्क-अधिभाराचे ८२,५०० रुपये मात्र भरावेच लागत नाहीत. ड्यूटी भरून नंतर ड्रॉबॅक, म्हणजे निर्यातीनंतरचा ड्यूटी-परतावा, मागितला तर न वापरलेल्या मालावर ९८ टक्के परत मिळतात, पण तोच माल आहे हे सिद्ध करण्यात दमछाक होते. तेव्हा निर्यात ठरलेली असेल तरच झोनकडे वळा, असं आम्ही सांगू.

घोळ बहुतेक वेळा कागदांत होतो. बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालपावती) झोनमधल्या युनिटच्या, म्हणजे तिथलं गोदाम चालवणाऱ्या कंपनीच्या नावे, तुमच्या फर्मच्या खात्यावर, असं जहाज सुटण्याआधीच पुरवठादाराकडून लिहून घ्या. एजंटाने नेहमीसारखी बिल ऑफ एंट्री (कस्टमकडचं आयातपत्र) भरून ड्यूटी चुकती केली की झोनचा विषय संपला. पॅकिंग लिस्टमध्ये पार्ट नंबर, नग आणि पेटी क्रमांक ओळीनिशी हवेत. ‘मिश्र बेअरिंग, ६० पेट्या’ अशी एकच ओळ असली की त्यातल्या १५ पेट्या सोडवताना कोणती पेटी कोणत्या किमतीची, यावरच गाडं अडतं.

ड्यूटीचा दर माल झोनबाहेर काढण्याच्या दिवशीचा लागतो; मध्ये अर्थसंकल्पात ड्यूटी वाढली तर वाढीव भरावी लागते. अँटी-डम्पिंग ड्यूटीही (फार स्वस्तात येणाऱ्या परदेशी मालावरची जादा ड्यूटी) चुकत नाही.

माल तीन महिन्यांत संपणारा असेल तर साधं बाँडेड गोदाम, म्हणजे ड्यूटी न भरता माल ठेवता येणारं सीमाशुल्क परवान्याचं गोदाम, पुरे. तिथे ९० दिवस व्याज नाही, नंतर १५ टक्के.

प्रश्न : तिथेच माल जोडून विकता येईल का?

उत्तर : लेबल लावणं, पुन्हा पॅकिंग करणं, सुट्या किटची जोडणी चालते, उत्पादन चालत नाही. त्यासाठी सीमाशुल्क कायद्याच्या कलम ६५ खाली स्वतःचाच कारखाना बाँडेड करून घेता येतो.