साडेतीन वर्षांची मुलगी बालवाडीत नुसतीच खेळते. ती मागे पडेल का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण याच काळजीने विचारणारे आईवडील मला नोकरीच्या काळात गावोगावी भेटले आहेत. तुमची मुलगी साडेतीन वर्षांची आहे, गल्लीतल्या बालवाडीत सकाळी तीन तास जाते आणि तिथे माती, ठोकळे, गाणी व गोष्टी यांपलीकडे काही होत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा मात्र नर्सरीत एबीसीडी गिरवतो आणि पाहुण्यांपुढे शंभरपर्यंत आकडे म्हणून दाखवतो. तुम्ही दोघेही नोकरी करता, दुपारी ती आजीजवळ असते, आणि खेळायलाच पाठवायचे तर फी कशाला भरायची, असे आजींचे म्हणणे आहे. जूनमध्ये शाळा बदलावी का, असे तुम्ही विचारले आहे.

माझे उत्तर असे आहे की बदलू नका. मात्र तिथे चालते तो खरोखर खेळ आहे, की मुलांना नुसते बसवून ठेवणे आहे, हे एकदा स्वतः जाऊन पाहा. मी अंगणवाडी प्रकल्पात मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणारी पर्यवेक्षिका म्हणून परभणी आणि जालना जिल्ह्यांत सव्वीस वर्षे काम केले आणि हा फरक ओळखण्यातच माझा बराचसा काळ गेला.

घनसावंगी तालुक्यातील एका अंगणवाडीत मी मार्गशीर्षात भेटीला गेले होते. तिथे चार वर्षांची एक मुलगी होती. आईवडील ऊसतोडीला गेलेले, ही आजीजवळ राहिलेली. दिवाळीपासून ती जवळजवळ बोलतच नाही, असे तिथल्या सेविका ताईंनी मला आधी सांगून ठेवले होते. त्या दिवशी ताईंनी अंगणात आठवडी बाजार मांडला होता. दोन करवंट्यांना सुतळी बांधून तराजू केला होता, तुरीच्या शेंगा, सोयाबीनचे दाणे, कापसाची सुकलेली बोंडे आणि चिंचोके यांचे वाटे पोत्यावर लावले होते, आणि चिंचेच्या पानांचे पैसे होते. ही मुलगी तराजूमागे बसली. एका मुलाने घाई केली तेव्हा ती मोठ्या आवाजात म्हणाली, "थांब की जरा, मी तोलायले ना!" तिने एका करवंटीत शेंगा टाकल्या, दुसरीत खडे टाकले, पारडे खाली गेले म्हणून दोन खडे काढले, पुन्हा पाहिले, आणि मग "पाच रुपयाला दोन वाटे, उधार नाही," असे सांगून पाने मोजून घेतली. ताई दोन हात अंतरावर बसून गिऱ्हाईक झाल्या होत्या आणि "मला अर्धाच वाटा पाहिजे, कसा देशील?" असे विचारत होत्या. मुलीने थोडा विचार केला आणि एकेक शेंग दोन्हीकडे टाकत वाटा निम्मा केला.

त्या पंधरा मिनिटांत तिने वर्गीकरण केले, वजनाची तुलना केली, चूक दुरुस्त केली, समान वाटणी केली, आपली पाळी येईपर्यंत इतरांना थांबायला लावले आणि कित्येक दिवसांनी पूर्ण वाक्ये बोलली. वहीवर यातले काहीच उमटले नाही, म्हणून संध्याकाळी तिच्या आजीने "आज काय शिकली?" असे विचारले असते, तर ताईंना दाखवायला एक कागदही सापडला नसता. तुमची अडचण नेमकी हीच आहे, असे मला वाटते: शेजारच्या मुलाचे शिकणे कागदावर दिसते आणि तुमच्या मुलीचे दिसत नाही.

आकड्यांपुरता एक साधा प्रयोग तुम्ही घरी करून पाहा. सहा चिंचोक्यांची एक ओळ मांडा आणि तिच्यासमोर अगदी जोडीला जोड लावून सहांची दुसरी ओळ मांडा. दोन्हींत सारखेच आहेत, असे ती सांगेल. आता तिच्या डोळ्यांदेखत एक ओळ लांबवर पसरा आणि पुन्हा विचारा. साडेतीन-चार वर्षांचे बहुतेक मूल पसरलेल्या ओळीकडे बोट दाखवून "हे जास्त" म्हणते. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हे फार पूर्वी दाखवून दिले, आणि आमच्या अंगणवाड्यांतही मी ते पुष्कळदा पाहिले आहे. साधारण सहा-सात वर्षांचे मूल मात्र "सारखेच आहेत, तुम्ही नुसते पसरवले" असे म्हणून हसते. शंभरपर्यंत आकडे म्हणणारा शेजारचा मुलगाही बहुधा पसरलेली ओळच दाखवेल; म्हणजे आकड्यांची नावे त्याला आरतीसारखी पाठ झाली आहेत, पण संख्या म्हणजे काय ते अजून उमगायचे आहे. यात त्याचा काहीच दोष नाही. ते उमगते ते वाटे लावण्यातून, पंगतीत पत्रावळी मांडण्यातून आणि गजगे झेलताना हातात किती राहिले ते मोजण्यातून.

लिहिण्याचेही तसेच आहे. आपल्या मनगटात आठ लहान हाडे असतात आणि जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेचीच असतात. ती एकेक करून वर्षानुवर्षे पक्की होत जातात, त्यामुळे साडेतीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाच्या एक्स-रेमध्ये जेमतेम तीन-चार हाडे दिसतात. बोटांचे बारीक स्नायूही त्या वयात तयार होत असतात, आणि त्यांना बळ येते ते पोळ्याला मातीचे बैल करताना, भाकरीच्या पिठाचा गोळा मळताना, भुईमुगाच्या शेंगा फोडताना, फुले ओवताना. अशा हाताला पेन्सिल धरायला लावली की मूल ती मुठीत आवळून धरते, कागद फाटेपर्यंत दाबते आणि दोन ओळींत थकते.

हे मी माझ्या घरी पाहिले आहे. मी गावोगावी सेविकांना खेळातून शिक्षण सांगत होते आणि माझा थोरला मुलगा चार वर्षांचा असताना एका खाजगी शाळेच्या छोट्या गटात रोज दोन पाने गिरवण्याचा गृहपाठ घेऊन येत होता. आजूबाजूची सगळी मुले तिथे जातात, म्हणून आम्ही त्याला तिथे घातले होते. सकाळी उठल्याबरोबर त्याचे पोट दुखायचे आणि रविवारी दुखायचे नाही. एकदा त्याची वही हरवली म्हणून मी त्याला रागावले. पुढच्या आठवड्यात सासूबाई दळण काढायला गेल्या तेव्हा ती ज्वारीच्या कोठीत, दाण्यांच्या खाली सापडली. त्याने ती पुरून ठेवली होती. मी त्याला तिथून काढले, पण हाती पेन्सिल घ्यायची त्याची नावड दुसरीपर्यंत गेली नाही. या गोष्टीचे मला आजही वाईट वाटते.

वाचनाची तयारी तर खेळातच सगळ्यांत चांगली होते. मूल अक्षर ओळखण्याआधी त्याच्या कानाला आवाज वेगळा काढता आला पाहिजे. "पाणीमधला 'पा' आणखी कशात आहे?" असे विचारा, पाय, पाटी, पाऊस, पापड असे शब्द ती शोधत बसेल. आपली मराठी एकेका अक्षराने उच्चारली जाते, त्यामुळे टाळी वाजवून शब्दाचे तुकडे पाडणे मुलांना फार लवकर जमते: वां-गी दोन टाळ्या, शें-ग-दा-णा चार. बडबडगीते आणि रोज रात्रीची एक गोष्ट यांनी ज्या मुलाचे कान तयार झाले आहेत, त्याला सहाव्या वर्षी मुळाक्षरे शिकवायला मला कधीच फार दिवस लागलेले दिसले नाहीत. घरची भाषा पक्की असली की इंग्रजीही मागून नीट येते, म्हणून तिच्याशी तुमच्या घरच्याच बोलीत भरपूर बोला. ती "करायले, चालले" म्हणते म्हणून तिला टोकू नका.

खेळातून शिकवण्याचे हे खूळ बाहेरून आले आहे, असे जर कोणी म्हणत असेल, तर त्यांना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याविषयी अवश्य सांगा. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी बालशिक्षणाचे काम उभे केले. महागडी साधने परवडत नाहीत म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, माती यांचीच साधने केली, मुले वर्गात येत नाहीत म्हणून वर्ग वस्तीच्या अंगणात नेला, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. आज गावोगावी दिसणारी अंगणवाडी तिच्यातूनच आली. आता २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तीन ते आठ वर्षांचा एक सलग पायाभूत टप्पा मानते आणि त्यात खेळ व कृती यांवरच भर देते. मेंदूच्या एकूण विकासापैकी ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षापूर्वी होतो, असे त्याच धोरणात म्हटले आहे. हा आकडा मी अनेक जाहिरातींत पाहते आणि तो वाचून आईवडील अधिकच घाबरतात. लवकर लिहायला लावा, असा त्याचा अर्थ लावला जातो. मूल या वयात जे पाहते, हाताळते, ऐकते आणि बोलते त्यातून मेंदू घडतो, एवढाच त्याचा अर्थ आहे. लातूर पॅटर्नने, म्हणजे परीक्षेच्या कसून सरावाच्या पद्धतीने, दहावी-बारावीच्या मुलांना काय दिले यावर वेगळी चर्चा होऊ शकेल, पण ती परीक्षेची धास्ती साडेतीन वर्षांच्या मुलीपर्यंत उतरू देऊ नये, असे मला अगदी मनापासून वाटते.

आता तुमच्या बालवाडीविषयी. एक दिवस अर्ध्या दिवसाची रजा टाका आणि तिथे तासभर शांत बसा. बाई मुलांच्या उंचीला येऊन बसतात का, की खुर्चीवरून "गप्प बसा" म्हणतात, हे पाहा. मुलांच्या खेळात त्या एखादा प्रश्न टाकतात का आणि उत्तरासाठी थांबतात का, याकडे नीट लक्ष द्या, कारण खेळातून शिकण्याची सगळी गुरुकिल्ली त्या थांबण्यात आहे. खेळणी मुलांच्या हाताला लागतील अशी खाली ठेवलेली असावीत. कपाटात कुलूप लावून ठेवलेली साधने मी शेकड्याने पाहिली आहेत, तपासणीच्या दिवशी निघणारी. मातीचा ढीग दाखवून मुलांना मोकळे सोडणे आणि स्वतः मोबाइल पाहत बसणे, याला खेळातून शिक्षण म्हणता येणार नाही; तसे दिसले तर मात्र शाळा बदलायचा विचार अवश्य करा. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणासोबतच्या मानकांत तीन ते सहा वयाच्या २० मुलांमागे एक आणि तीन वर्षांखालील १० मुलांमागे एक मोठी व्यक्ती असावी, असे म्हटले आहे. तुमच्याकडे एकाच बाईंकडे पस्तीस मुले असतील, तर दोष त्यांच्या कामाला देण्याआधी मदतनीस ठेवण्याविषयी चालकांशी बोला. पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह पाहण्याचे मी वेगळे सांगायला नको.

दुपारच्या वेळेचीही थोडी काळजी घ्या, कारण तुमच्या पत्रात मोबाइलचा उल्लेख ओझरता आला आहे आणि मला तोच जास्त खुपला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात एक तासापेक्षा जास्त वेळ पडद्यापुढे बसू नये, दिवसाचे किमान तीन तास अंग हलवणारा खेळ व्हावा आणि १० ते १३ तास झोप मिळावी. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी मूल बाहेर सोडता येत नाही, हे खरे आहे. मग आजींनी तिला सोबत घेऊन तांदळातले खडे निवडावेत, वाती वळाव्यात, चल्लसचा पट खडूने फरशीवर आखावा. पाण्याचा खेळ म्हटला की मराठवाड्यातल्या घरात कपाळाला आठी पडते आणि ती योग्यच आहे. पण एक बादली पाणी, दोन वाट्या आणि एक गाळणी एवढ्यावर मूल तासभर रमते आणि ते पाणी नंतर तिच्याच हाताने तुळशीला घालता येते. आजींना "तुम्ही तिला सांभाळता" असे म्हणण्यापेक्षा "तुम्ही तिला शिकवता" असे सांगून पाहा. मी अनेक घरांत त्याचा परिणाम पाहिला आहे.

मूल खरोखर मागे पडते आहे का, हे ओळखण्याच्या खुणा वेगळ्या आहेत. ती दोन-तीन शब्दांची वाक्ये बोलत नसेल, पाठीमागून हाक मारल्यावर वळत नसेल, इतर मुलांच्या खेळात कधीच शिरत नसेल, किंवा आधी येत असलेले काही विसरत चालली असेल, तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलांची तपासणी करते. तुमची मुलगी खाजगी बालवाडीत जात असली, तरी वस्तीतल्या अंगणवाडी सेविकेकडे तारीख विचारून तिला तिथे घेऊन जाता येईल. पुढची तपासणी लागली तर जिल्हा रुग्णालयाच्या प्रारंभिक हस्तक्षेप केंद्रात ती मोफत होते. यातले काहीही नसेल, तर पहिलीला अजून अडीच वर्षे आहेत आणि तोवर तिला तिच्या मातीत असू द्या.