स्कीचं सामान : विकत की भाड्याने?

प्रश्न : जानेवारीत गुलमर्गला जातोय. मुलं पाच आणि आठ वर्षांची. स्की, बूट विकतच घ्यावेत का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : भाड्यानेच घ्या. वर्षभरात पाय वाढतो, आणि नाशकात ते सामान माळ्यावरच पडून राहणार. बुटातला मऊ आतला भाग काढून मुलाला कवचात उभं करा. बोटं पुढे टेकली की टाचेमागे दीड-दोन सेंटिमीटर जागा हवी. शाळेच्या बुटांसारखा ‘वाढता’ बूट नको, टाच उचलली की स्की वळत नाही. मोजा एकच, पातळ लोकरीचा. दोन घातले तर पाय आवळून गार पडतो. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड, मुलाच्या वजन-उंचीनुसार लावून घ्या, नाहीतर पडल्यावर बूट सुटत नाही. धाकट्याला काठ्या नकोत. जलरोधक हातमोजे, गॉगल मात्र घरचे न्या.