निरीक्षणाला जाताना

बी.एड.च्या निरीक्षणासाठी तुला दोन्हीकडे जायचंय, सर्वसाधारण शाळेतल्या समावेशक वर्गात, म्हणजे दिव्यांग आणि इतर मुलं एकत्र शिकतात तिथे, आणि विशेष शाळेत. छापील तक्ता भरायचाच आहे, तो शेवटची दहा मिनिटं ठेव. आधी मागे बसून एकच मूल निवड आणि पूर्ण तास त्याच्याकडे बघ.

समजा मुलाला श्रवणयंत्र आहे. बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या की त्याला ओठ दिसत नाहीत. डोक्यावर पंखा घरघरत असेल तर यंत्र तो आवाजही मोठा करतं. मग ते मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं आणि आपण लिहून मोकळे होतो, ‘लक्ष नाही’. मीही पहिल्या वर्षी हेच लिहिलं होतं! वहीत फक्त दिसलं ते लिही: किती वेळा मान वळली, कधी, त्याआधी काय झालं.

अंधशाळेत पाटी आणि टोचणीने ब्रेल लिहिताना बघ. मुलं उजवीकडून डावीकडे टोचतात, कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचतात. एकदा स्वतः टोचून बघ, म्हणजे लेखनाला जादा वेळ का लागतो ते बोटांना कळेल.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, १९९५च्या कायद्यात सातच होते. यादी माहीत असू दे, पण वर्गात बसून निदान करू नकोस. ते आपलं काम नाही. आणि हो, मुलांचे फोटो अजिबात नकोत. फिरते विशेष शिक्षक, म्हणजे शाळाशाळांत जाऊन दिव्यांग मुलांना शिकवणारे, त्या दिवशी येणार असतील तर डबा त्यांच्यासोबतच खा.