चिंगीचा खर्च आणि न फोडलेली तीन लाइटबिलं

डोंबिवलीच्या एका वाचक भगिनींनी लिहिलं आहे: "गिरगावात चाळीत तिसऱ्या मजल्यावर माझी आत्या एकटी राहते. वय ७६. तिची १३ वर्षांची मांजर, चिंगी, गणपतीत गेले तेव्हा ओळखूच आली नाही. पाठीवर केसांच्या गाठी, हाताला हाडं लागतात, सारखी पाणी पिते. ओट्याखाली दुधाची वाटी होती, वर साय वाळून पिवळी पडलेली. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून आत्याला वाकता येत नाही. टीव्हीवर तीन लाइटबिलं न फोडता पडली होती, ती मी कपाटात ठेवली. चिंगीला डॉक्टरांकडे नेलं. रक्तात क्रिएटिनिन ४.१, म्हणजे किडन्या कमजोर. चार दिवस अॅडमिट करून सलाइन, अंदाजे १४,०००. पुढे दरमहा ४,५००. आत्तेभाऊ बंगळुरूहून म्हणतो, इंजेक्शन देऊन कायमचं झोपवून टाका. शेजारीण म्हणते, आत्याचीच तक्रार करा. माझे मिस्टर म्हणतात, मांजरावर एवढा पैसा? आमची दोघांची मिळकत ९२,०००. ३१,००० चा गृहकर्जाचा हप्ता धरून ७०,००० खर्च, म्युच्युअल फंडाची एसआयपी १२,०००, अडीअडचणीला ठेवलेले १,४०,०००. मुलीच्या नावाची लाखाची एफडी मोडू की क्रेडिट कार्डावर हप्ते करू?"

ताई, दोन्ही नको. एफडी मुदतीआधी मोडली तर बँक जितके दिवस पैसे राहिले तितक्याच मुदतीचा दर लावते आणि बहुतेक वेळा वर अर्धा-एक टक्का कापते. लाखावर फटका फार मोठा नाही, पण मुलीच्या नावाचे पैसे एकदा फुटले की परत भरले जात नाहीत, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे. कार्डाच्या हप्त्यांवर व्याज, वर प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी. एखादा हप्ता चुकला की महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांचा मीटर सुरू. विम्याचा विचारही सोडा, आधीच लागलेल्या आजाराला पाळीव प्राण्यांची पॉलिसी पैसे देत नाही. आरोग्यविम्यावर आयकरात सूट देणाऱ्या ८०डी कलमातही मांजर बसत नाही.

१४,००० तुमच्या १,४०,००० मधून द्या. त्यासाठीच ते ठेवले आहेत. खरं तर ७०,००० च्या घरखर्चाला ते दोन महिनेच पुरतील, म्हणजे कमीच आहेत, पण हा खर्च एकदाचा आहे आणि त्यातून तुम्हाला एक उत्तर मिळतं. पाणी अंगात गेल्यावर क्रिएटिनिन खाली आलं, तर निम्मं दुखणं अंग सुकल्याचं होतं. नाही आलं, तर तेही कळलं.

४,५०० ची गोष्ट वेगळी. तो आकस्मिक खर्च नव्हे, घराला लागलेला दुसरा हप्ता आहे, आणि याची मुदत कोणी सांगू शकत नाही. या टप्प्यावरची काही मांजरं काही महिने काढतात, काही दोन-तीन वर्षं. वर्ष धरलं तर ५४,०००, त्यात पहिले १४,००० मिळवा, झाले ६८,०००. एसआयपी वजा जाता तुमच्या हातात दहा हजार उरतात, त्यातले निम्मे इकडे जाणार.

म्हणून तो आकडा फोडून घ्या. माझा अंदाज, त्यातले दोन हजार आठवड्यातून तीनदा दवाखान्यात नेऊन कातडीखाली सलाइन देण्याचे असतील. हे घरी जमतं. मानेमागची सैल कातडी चिमटीत तंबूसारखी उचलायची, त्या घडीत सुई सरकवायची, बाटली खुंटीला टांगायची. दहा-पंधरा मिनिटांत ठरलेलं पाणी आत जातं आणि तिथे तेवढ्यापुरता मऊ फुगवटा येतो. डॉक्टरांसमोर दोनदा करून घ्या, किती आणि कितीदा ते त्यांनाच ठरवू द्या. बाटल्या, सेट, सुया मिळून महिन्याला सहा-सातशेच्या पुढे जाऊ नये. बाकी किडनीचं खाणं आणि औषधं धरून तीन-सव्वातीन हजारांत भागेल. परळच्या बैलघोडा या जनावरांच्या हॉस्पिटलातही एकदा दाखवा. गर्दी असते, पण खासगीपेक्षा खर्च कमी येतो, आणि गिरगावातून ते काही लांब नाही.

पण सुई टोचणार कोण? तुम्ही डोंबिवलीला, आत्याला वाकता येत नाही.

माझ्या हिशेबात पहिली ओळ ही आहे. दवाखान्यातून टवटवीत होऊन आलेली चिंगी त्याच ओट्याखाली, त्याच वाटीशी जाऊन बसणार असेल, तर १४,००० पाण्यात गेले समजा. आधी सकाळ-संध्याकाळ तासभर येणारी बाई बघा. गिरगावात पाच-सहा हजार घेईल. त्यात आत्याचा केर, भाजी, औषधाच्या गोळ्या काढून ठेवणं आणि चिंगीचं सगळं. हा खर्च तुमचा नाही, आत्याचा आहे. तिचं पेन्शन किती ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा विचारलेलंच नाही. विचारा. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना पैशाचं विचारणं म्हणजे त्यांच्या तिजोरीवर डोळा ठेवणं असं वाटतं, आणि या संकोचापायी चांगल्या ठेवी असलेली माणसं अंधारात बसतात.

आत्तेभावाने सल्ला दिला आहे. सल्ला स्वस्त असतो, हे मी म्हणावं म्हणजे जरा धाडसच, पण त्याच्याकडून निम्मा खर्च मागा. चिंगीला झोपवायचं की नाही हे मात्र त्याने फोनवरून ठरवायचं नाही. मांजर आत्याची आहे. डॉक्टर म्हणाले की आता नुसते हाल आहेत, तर तिला जवळ बसवून, सांगून ते करा, त्यात कमीपणा नाही. पण आज ती वेळ आली आहे असं तुमच्या पत्रावरून दिसत नाही.

तक्रारीचं म्हणाल, तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा मालकाने पुरेसं खाणं-पाणी न देणं गुन्हाच धरतो. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. तेवढ्यासाठी ७६ वर्षांच्या बाईला चौकीत बसवून चिंगीच्या पोटात काय पडणार?

तुमच्याकडून चिंगीसाठी एकूण मर्यादा ३५,०००. पहिले १४,००० धरून. दरमहाचे तीन हजार तुम्ही एकटीने भरलेत तरी सात महिने निघतात, आत्तेभाऊ निम्म्याला आला तर वर्षाहून जास्त. हा आकडा आजच मिस्टरांसमोर वहीत लिहा, कारण दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून, पिंजऱ्यातून ती बघत असताना आकडे ठरत नाहीत. दर दोन महिन्यांनी रक्त तपासा, वजन करा. ती खातेय, स्वतःचं अंग चाटतेय, तोवर चालू ठेवा. एसआयपीला हात लावू नका. आणि कोणी सांगितलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल तिला अजिबात देऊ नका, मांजरांना ती विष आहे.

आता ती लाइटबिलं. तुम्ही त्यांचा एका वाक्यात उल्लेख करून पुढे गेलात, मी तिथेच अडकलो. वाटी आणि पाकिटं एकाच दुखण्याची आहेत. गुडघा, डोळे की विसरणं, ते डॉक्टरांना बघू द्या. पण बिलं थकली असतील तर गोळ्याही चुकत असतील, आणि नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला राहिला तर पेन्शनच थांबेल. तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही करता येतो, तुम्ही बसून करून द्या. बँकेचं पासबुक भरून आणा, लाइटबिल खात्यातून आपोआप जाईल असं करा.

चिंगीची अॅडमिशन सोमवारी असेल तर रविवारीच जा. कपाटातली ती पाकिटं काढा आणि आत्याला चष्मा देऊन तिच्याकडूनच फोडून घ्या. भरायची शेवटची तारीख आधी बघा.