कॉल लागला की तानपुरा का दबतो?

प्रश्न : मी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मुलींना गाणं शिकवते. कॉम्प्युटरवर तानपुरा लावलेला असतो. कॉल सुरू झाला की तो एकदम बारीक होतो. स्पीकर बदलले, तरी तेच.
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : ताई, स्पीकरवर आणखी खर्च करू नका. कॉल सुरू होताच बाकीचे आवाज 80 टक्क्यांनी कमी करायची सोय विंडोजमध्ये आधीपासूनच चालू असते. 'कंट्रोल पॅनेल'मधलं 'साउंड' उघडा, शेवटच्या 'कम्युनिकेशन्स' टॅबवर 'डू नथिंग' निवडा आणि ओके करा. बाकी कशाला हात लावू नका.

मात्र याने तानपुरा तुम्हाला नीट ऐकू येईल, मुलींना येईलच असं नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. आवाज घुमू नये म्हणून कॉलची ॲप्स तुमच्याच स्पीकरमधून माइकमध्ये शिरलेला आवाज गाळून टाकतात. शिवाय असा अखंड सूर त्यांना पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो. झूम असेल तर 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा आणि तानपुरा मोबाइलवर लावून माइकजवळ ठेवा. षड्ज तुटक ऐकून गायची सवय लागली तर ती मोडायला किती त्रास पडतो, हे तुम्ही जाणताच.

सगळ्यांत उत्तम म्हणजे प्रत्येक मुलीने आपल्या घरी त्याच पट्टीत तानपुरा लावावा. कॉलवर आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो, पण तानपुऱ्याला ताल नसल्यामुळे त्याने काही अडत नाही.