‘ख्रिस्ताचं तत्त्वज्ञान’ की ‘ख्रिस्ताची शिकवण’?

एका वाचकाचा प्रश्न : ‘मी ख्रिस्ताचं तत्त्वज्ञान मानतो, ख्रिस्ती धर्म मानत नाही’ या वाक्यात ‘तत्त्वज्ञान’ हा शब्द योग्य आहे का?

व्याकरणाने अडत नाही, पण मला हा शब्द खटकतो. मराठीत ‘तत्त्वज्ञान’ आपण फार सैल वापरतो. कोणी जरा लांबण लावली की ‘तुझं तत्त्वज्ञान पुरे’ म्हणून मोकळे होतो. काटेकोर अर्थाने मात्र तत्त्वज्ञानात पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध मत, मांडून तो खोडावा लागतो. येशूच्या डोंगरावरच्या प्रसिद्ध प्रवचनात तसलं काही नाही. वैऱ्यांवर प्रीती करा, असं येशू सांगतो आणि कारण देतो ते एवढंच, की आकाशातला पिता बऱ्यावाईटांवर सूर्य सारखाच उगवतो. याला नेमका शब्द ‘शिकवण’.

धर्म वजा करून ही शिकवण उरवण्याचा खटाटोप अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन याने अक्षरशः वस्तरा घेऊन केला. 1820च्या सुमारास त्याने शुभवर्तमानांची (बायबलमधल्या येशूचरित्रांची) पानं कापून येशूची वचनं वहीत चिकटवली. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी असे चार स्तंभ. चमत्कार जवळपास सगळे गाळले. कबरीवर धोंड लोटली की वही संपते, पुनरुत्थान नाही. वही सुरेख आहे, पण तिला ‘ख्रिस्ती’ म्हणायला येशूचा आद्य प्रचारक पौल तयार झाला नसता. ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ, असं तो करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना स्वच्छ लिहितो. त्याचा सगळा भर एका घटनेवर आहे.

उलट बाजूही आहे. दुसऱ्या शतकातला विचारवंत जस्टिन ख्रिस्ती झाल्यावरही तत्त्वज्ञाचा झगा घालून वावरायचा आणि हेच खरं तत्त्वज्ञान म्हणायचा. पण त्या काळी तत्त्वज्ञान ही जगण्याची रीत होती, विद्यापीठातला विषय नव्हे. आज ‘ख्रिस्ती तत्त्वज्ञान’ म्हटलं की ऑगस्टीन, अक्वायनस हे चर्चचे तत्त्वचिंतकच आठवावेत. तो शब्द त्यांच्यासाठी राखलेला बरा.

आता ‘धर्म’. खरी गोची इथे आहे. इंग्रजीतल्या ‘रिलिजन’चा सगळा भार आपण या शब्दावर टाकला, पण त्याचा जुना अर्थ काही गेला नाही. ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नावर येशूने वाटेत पडलेल्या जखमी माणसाला उचलणाऱ्या शोमरोन्याची (यहुद्यांना परक्या असलेल्या शोमरोन प्रांतातल्या माणसाची) गोष्ट सांगितली. त्या वागण्याला आपण शेजारधर्मच म्हणतो! म्हणजे वाक्य लिहिणारा जे पाळू पाहतो तो मराठीत धर्मच झाला. त्याला नको आहे तो बाप्तिस्मा (ख्रिस्ती दीक्षा), मिस्सा (चर्चमधली उपासना), श्रद्धेची कबुली. मग तेच लिहावं : ‘ख्रिस्ताची शिकवण मला पटते, पण मी बाप्तिस्मा घेतलेला नाही.’ घेऊनही चर्चमध्ये जात नसेल, तर तसं लिहावं.