ब्रेकपॉइंट एका थ्रेडला, झोपमोड दुसऱ्याची

प्रश्न : नमस्कार सर, मी जामनेरचा. इथल्या एका जिनिंगसाठी वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करतोय, सी मधे, लिनक्सवर. एक थ्रेड (प्रोग्राममधे स्वतंत्र चालणारा धागा) ईपोल_वेट (डेटा येईपर्यंत थांबून राहणारा कॉल) लावून सिरियल पोर्टवर इंडिकेटरची (वजन दाखवणारा डबा) वाट बघतो, दुसरा पावती छापतो. नुसता चालवला तर मस्त चालतो, पण जीडीबीत (चुका शोधायचा डीबगर) पावतीच्या थ्रेडला ब्रेकपॉइंट (ठरल्या ओळीवर थांबवणारी खूण) लावून कंटिन्यू केलं की काट्याचा थ्रेड "इंटरप्टेड सिस्टम कॉल" (लिनक्सच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, मागितलेलं काम मधेच तुटलं) म्हणतो आणि पोर्ट बंद करून मोकळा होतो. त्याला तर मी हातच लावला नाही! मित्र म्हणतो जीडीबीचा बग आहे.
– एक वाचक, जामनेर

उत्तर : बग नाही रे भो, जीडीबीच्या मॅन्युअलमधेच हे लिहून ठेवलंय, फक्त तिथपर्यंत कोणी वाचत नाही.

जीडीबी डिफॉल्टला ऑल-स्टॉप मोडमधे चालतो, म्हणजे एक थ्रेड ब्रेकपॉइंटला अडकला की बाकीचे सगळेही थांबवतो. एसटीत एकालाच उतरायचं असतं पण बेल वाजली की आख्खी गाडी थांबते आणि मागे झोपलेलाही दचकून उठतो, तसंच. हे थांबवायला लिनक्सवर जीडीबी सिग्नल (थ्रेडला दिलेला इशारा) वापरतो. तो सिग्नल तुझ्या प्रोग्रामला दिसतसुद्धा नाही, पण कर्नलमधे वाट बघत बसलेला थ्रेड त्याने जागा होतो. आता जागा झाल्यावर पुढे काय, ते त्या त्या सिस्टम कॉलवर आहे. साधा रीड असेल तर कर्नल सहसा गुपचूप परत सुरू करून देतो, तुला कळतही नाही. ईपोल_वेट मात्र सरळ वजा १ देतो आणि एररनो (एररचा नंबर ठेवायची जागा) मधे ईआयएनटीआर (म्हणजे तीच "इंटरप्टेड" एरर) टाकतो, लिनक्सवर तो आकडा ४. तुझा कोड वजा १ बघून घाबरला आणि पोर्ट बंद केला, एवढीच भानगड.

मित्राला पटत नसेल तर जीडीबी बाजूलाच ठेव. प्रोग्राम टर्मिनलमधे चालव, कंट्रोल-झेड दाबून थांबव, मग एफजी टाईप करून परत सुरू कर. तीच एरर येईल, डीबगर नसताना! म्हणजे उद्या सीझनमधे बाहेर ट्रॅक्टरची लाईन लागलेली असताना कोणी चुकून असं केलं तरी काटा बंद पडणार.

उपाय लूपचा. वजा १ आला की लगेच एररनो बघ, मधे प्रिंटएफ टाकू नको कारण तो एररनो बदलू शकतो (एररनो प्रत्येक थ्रेडचा वेगळा असतो त्यामुळे दुसऱ्या थ्रेडची भीती नाही), आणि ईआयएनटीआर असेल तर परत ईपोल_वेट मार. पण टाइमआउट दिला असेल तर तोच आकडा परत देऊ नको, १० सेकंदांपैकी ७ गेले असतील तर ३ च दे, नाहीतर दर ब्रेकपॉइंटला वाट पहिल्यापासून सुरू होईल. त्यासाठी मोनोटॉनिक घड्याळ वापर, भिंतीवरच्या घड्याळासारखं ते कोणी मागेपुढे करू शकत नाही. मॅन्युअलमधे स्लीपचं उदाहरण दिलंय तेही याच धर्तीवर, स्लीप लवकर उठला तर उरलेले सेकंद परत करतो, ते शून्य होईपर्यंत परत स्लीप करायचं.

एसए_रीस्टार्ट फ्लॅगचा (सिग्नलनंतर कॉल आपोआप परत सुरू करायला सांगणारा) सल्ला कोणी देईलच, पण ईपोल_वेटला त्याचा उपयोग नाही, तो फ्लॅग असला तरी परत सुरू होत नाही. पायथनवाले ३.५ पासून निवांत आहेत, तिथे भाषाच परत प्रयत्न करते. आणि डीबग करताना काट्याचा थ्रेड चालूच ठेवायचा असेल तर प्रोग्राम सुरू करायच्या आधी जीडीबीत सेट नॉन-स्टॉप ऑन दे, मग ब्रेकपॉइंट लागलेला तेवढाच थांबतो. पण लूप तरीही टाकच, ते टाळायला हा मोड नाहीये.

फक्त क्लोजला (फाईल किंवा पोर्ट बंद करणारा कॉल) हा लूप लावू नको. लिनक्सवर क्लोजने ईआयएनटीआर दिला तरी डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाईलचा किंवा पोर्टचा नंबर) सुटलेला असतो, तोवर तोच नंबर पावतीच्या थ्रेडने उघडलेल्या फाईलला मिळाला असेल तर दुसऱ्या क्लोजमधे तू त्याचीच फाईल बंद करशील, आणि तो बग मग जीडीबीतही लवकर सापडणार नाही.